मुदत रविवारपर्यंत होती

खुशालरावांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी अमरावती-अकोला. निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. खुशालराव मोबाईल घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, मले गावाचं च्यानल काढून द्या."

मी अकोल्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून वलगावला परत आलेली, त्यांच्या शेजारी राहणारी. कशाला हवं चॅनल, म्हणून विचारलं. गावची पोरं पुण्याला, सुरतला गेली, त्यांना रोज गावाचा एक फोटो दाखवायचा, असं म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. त्यांचा मुलगा नितेश तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. जुना नंबर बंद. जिथे असेल तिथून त्यानं हे पाहावं, एवढाच हेतू. मला ते ठाऊक होतं, मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि आम्ही दोघं गावच्या पोरांबद्दल बोलत राहिलो.

नितेश स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा राहिला त्याच महिन्यात बहिणीला, रागिणीला, पाहायला पाहुणे आले. त्यातल्या कोणी तरी विचारलं, हा काय करतो? खुशालराव म्हणाले, "त्याले आमच्यात धरू नका." लाजेनं बोलले, थोडं हसूनही बोलले. आपल्याकडे बाप लेकराला असंच बोलतो आणि लेकरं ते पचवतात, असं आपण धरून चालतो. हा पोरगा चहाचा ट्रे ठेवून आत गेला आणि दुसऱ्या सकाळी घरात नव्हता.

चॅनलचं नाव त्यांनीच ठेवलं, 'वलगावचा ओटा'. फोटो फक्त त्यांनी टाकायचा, खाली गप्पा सगळ्यांनी मारायच्या, अशी सोय मी करून दिली. आत येण्याचा दुवा गावभर पाठवला, तिथून तो पोरापोरांत पसरला. सकाळी सातला फोटो पडायचा: पेढी नदी, शाळेचं फाटक, कापसानं भरलेली गाडी. आणि दर दोन-तीन दिवसांनी त्यांच्या घराचं दार. उत्तमराव पानवाल्यानं एकदा लिहिलं, खुशालभाऊ, गाव मोठं आहे, दुसऱ्याचंही दार दाखवा कधी. तरी दार येतच राहिलं. त्यांची बायको लीलाबाई कधी त्या दारात सूप घेऊन बसलेल्या असत. त्या फोटोपुरतं लुगडं बदलतात, हे मी पाहिलेलं आहे.

वर्षभरात सहाशे माणसं झाली. चॅनल काढणं सोपं, ते सांभाळणं म्हणजे चाळीस वात्रट पोरांचा वर्ग सांभाळणं. फुलांची सुप्रभातं आली, राजकारणाची भांडणं आली, मग बनावट नोकऱ्यांचे दुवे आले. पौर्णिमा नावाच्या आपल्याच गावच्या मुलीनं त्यातल्या एकावर आपली कागदपत्रं पाठवली आणि पंधरा दिवस रडत बसली. मी चिडले. अनोळखी माणसं आत कशी, म्हणून यादी काढली.

आपल्याकडे माणसाला नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "कोनाचा रे तू?" बापाचं नाव सांगितलं की खाट मिळते, पाणी मिळतं. मी तोच नियम केला. चॅनलवर सगळ्यात वर लावून टाकलं: प्रत्येकानं आपलं नाव आणि कोणाच्या घरचे ते लिहावं. मुदत रविवारपर्यंत. न लिहिणाऱ्यास काढलं जाईल.

चारशेवर लोकांनी लिहिलं. बाकीच्यांना फोन करून करून लिहायला लावलं. शेवटी उरले एकेचाळीस. त्यात एक नाव म्हणजे नुसतं टिंब. फोटो नाही, कधी एक शब्द नाही. मात्र रोज सात वाजून गेल्यावर खुशालरावांच्या फोटोखाली पहिले जोडलेले हात त्याचे. मी म्हटलं, हे यंत्र आहे, माणूस इतक्या नेमानं काही करत नाही.

खुशालराव म्हणाले, "असन कोनी बापा. एवढं एक ठेवून द्या."

मी म्हटलं, एकाला ठेवलं तर नियम कशाला केला?

रविवारी मला भाचीकडे अकोल्याला जायचं होतं. म्हणून शनिवारी संध्याकाळीच त्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्याच मोबाईलवरून मी एकेचाळीसच्या एकेचाळीस काढले. टिंब सगळ्यात शेवटी. खुशालराव नुसते बघत होते. त्यांना माझ्या शिकलेपणाचा धाक होता. मला त्याचं त्या दिवशी बरंच वाटलं.

पुढच्या महिन्यात मी त्यांच्या ओट्यावर असताना मोटारसायकलवरून एक तरुण आला. वकार, अचलपूरचा, नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात कामाला. मागे एक बॅग बांधलेली. नितेश अडीच वर्षं त्याच्या खोलीत राहत होता. वलगावपासून नांदगाव पेठ ते किती लांब! सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं.

वकारनं पाणी घेतलं, चहाला नको म्हणाला. नितेश रात्रपाळी करायचा, सातला सुटायचा आणि फाटकाबाहेर उभा राहून आधी फोटो पाहायचा, मग खोलीवर यायचा. दाराचा फोटो असला की बोटांनी मोठा करून आईचा चेहरा बघायचा. मी यंत्र म्हटलं होतं ते हे.

नियम लागला तसा तो लिहायला बसला. "आठ दिवस लिहून राह्यला होता चाचा," वकार म्हणाला. "नाव लिहे. कोनाचा, हे आलं का मिटवून टाके. म्हने, बापानंच म्हटलं होतं धरू नका, मंग मी कसं लिहू त्याईचा हाय म्हनून?"

शेवटी त्यानं लिहिलं. रविवारी सकाळी, पाळी सुटल्यावर. नितेश, खुशालरावचा. पाठवायला गेला, तर चॅनल उघडेना.

लीलाबाईंनी विचारलं, मग तो काय म्हणाला?

वकार माझ्याकडे बघत नव्हता, मी कोण हे त्याला माहीतच नव्हतं. "म्हने, मुदत रविवारची होती, मले शनिवारीच काढलं. म्हंजे बुढ्यानं वळखलं मले. वळखून काढलं."

त्यानंतर आठवड्याभरात नितेश काम सोडून गेला. सुरतकडे म्हणे, पण वकारलाही नक्की माहीत नाही. फोन बंद. बॅग मागे राहिली, ती द्यायला हा आला होता.

खुशालराव बायकोला म्हणाले, माझ्याच हातून झालं, बटन चुकीचं दाबलं. त्यांनी मला वाचवलं. मला असं वाचवलेलं चालत नाही. मी तिथेच, वकारसमोर सांगितलं की काढलं मी, एक दिवस आधी काढलं, कारण मला अकोल्याची गाडी गाठायची होती. लीलाबाईंनी बॅग मांडीवर घेतली होती, तिची चेन उघडत-मिटत राहिल्या. अजूनही भाजी केली की मला वाटी पाठवतात, आणि मी ती धुऊन त्यांच्या ओट्यावर ठेवून येते.

नियम मी त्याच दिवशी काढून टाकला. एकेचाळीस जणांवरची बंदी उठवली. वकारच्या मोबाईलवरून नितेशच्या नंबरावर दुवा पाठवला, खाली चूक माझी होती असं माझ्या नावानं लिहिलं. तो निरोप अजून पोचल्याची खूण नाही. रागिणीचा नवरा सुरतला जाऊन दोन वस्त्या धुंडाळून आला. सुरत केवढी!

गेल्या मंगळवारी चॅनलवर कोणी तरी नवीन आलं. नाव नाही, फोटो नाही. खुशालराव दिवसभर मोबाईल मांडीवर घेऊन बसले, जेवायला उठले नाहीत. काही लिहावं तर पुन्हा निघून जाईल, ही भीती. संध्याकाळी त्या नावानं पहिला निरोप आला: टकलावर केस उगवण्याचं तेल, घरपोच.

मी म्हटलं, द्या इकडे, काढून टाकते. खुशालरावांनी मोबाईल छातीशी धरला.

त्याला अजून काढलेलं नाही. आजवर तेलाच्या सात जाहिराती आल्या. प्रत्येक जाहिरातीखाली खुशालराव लिहितात, "जेवला का?"