तबल्यावरचं पाणी

"हात काढ आधी!"

संगीताचे मास्तर दारातूनच ओरडले. माझ्या हातातली पेन्सिल सुटली आणि सतरंजीवर पडली. मी तबल्याच्या तोंडावर पातळ कागद ठेवून वरून हलकेच पेन्सिल घासत होते. नाण्याचा छाप काढतात ना, तशी. कडेचा गोल उमटला होता, मधली काळी शाई उमटायला लागली होती. शाळेच्या अंकासाठी तबल्याचं चित्र पाहिजे, असं मास्तरांनीच सांगितलं होतं. ते कोणी काढायचं, हे सांगितलं नव्हतं.

"कोणाला विचारून शिवलीस?"

"चित्र काढत होते..."

"चित्र लांबून काढतात."

मास्तरांनी शिपायाला हाक मारली. शिपाई तांब्यात पाणी घेऊन आला, त्यात गोमूत्र. तुळशीचं पान बुडवून मास्तरांनी आधी पेटीवर शिंपडलं, मग सतरंजीवर, मग तबल्यावर. पानानं समाधान झालं नाही म्हणून शेवटी ओंजळीनं. मी भिंतीला लागून उभी होते. वर्गातली पोरंपोरी बघत होती. माझी मैत्रीण म्हणवणारी एक होती, ती आपल्या बांगड्या मोजत बसली.

तबल्याला पाणी चालत नाही, हे मास्तरांना माहीत नव्हतं असं नाही. पावसाळ्यात ते तबला फडक्यात गुंडाळून ठेवायचे. ओल्या हातानं कोणी शिवलं तर कानफटात द्यायचे. पण त्या दिवशी माझा कोरडा हात त्यांना पाण्यापेक्षा वाईट वाटला. तबल्याची शाई म्हणजे मधला तो काळा लेप, सगळा सूर त्याच्यावर. तो लेप पाणी प्यायला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी थाप मारली तर फुटक्या मडक्याचा आवाज आला. लेपाच्या खपल्या निघून आल्या.

मास्तर म्हणाले, "हिच्या पेन्सिलीनं शाई फोडली."

ओंजळ सगळ्यांनी पाहिली होती. एकानंही तोंड उघडलं नाही. मीही नाही. तेव्हा मला वाटलं, गप्प बसले तर निदान अंकात राहीन.

अंक म्हणजे आमच्या शाळेचं हस्तलिखित. महाराष्ट्र नवाच झाला होता. वर्गात नकाशा नवा लागला होता, भिंत जुनीच. दरवर्षी वरच्या वर्गातली मुलं हातानं लिहून, चित्रं काढून, दोऱ्यानं शिवून एक अंक करायची. त्या वर्षीचा अंक संगीतावर होता. नाव 'नादवेल'. माझं अक्षर वळणदार म्हणून मला घेतलं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. आमच्या वस्तीतून त्या शाळेत जाणारी मी एकटीच पोरगी. आम्ही दीक्षा घेऊन काही वर्षं झाली होती. हजेरीत आम्ही बौद्ध होतो, गावाच्या तोंडात अजून जुनंच नाव होतं.

अंक ठरवायला बैठक झाली होती, तीही सांगते. मास्तर फळ्याजवळ, पोरं बाकांवर, मी दाराजवळ जमिनीवर. पहिला लेख रागदारीवर, तो मास्तर स्वतः लिहून देणार. मग भजन. त्यासाठी संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा जानेफळच्या भजनी मंडळाला भेटून येणार. मोठा जमीनदार बाप, पोरगा आमच्याच वर्गात. एक पोरगा देऊळगाव राजाला बालाजीच्या देवळात जाऊन तिथल्या सनई-चौघड्याची माहिती आणणार. मुलींनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या.

मी विचारलं, "डफड्यावर कोण लिहिणार?"

कोणीतरी फिदकन हसलं. अध्यक्षांचा पोरगा म्हणाला, "घ्या! आता डफडंबी आलं काय अंकात?"

मास्तर हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "ते वाजवणं झालं. संगीत वेगळं."

मी खालीच बसून राहिले. आमच्या तालुक्यात लग्न म्हटलं की आधी डफडं ऐकू येतं, मग मांडव दिसतो. यांच्या सगळ्यांच्या आईबापांची लग्नं डफड्यावर लागलेली. तरी ते वाजवणं झालं. मी पुन्हा म्हटलं, मी लिहिते. मास्तर म्हणाले, "बरं, लिही. शेवटी जागा उरली तर बघू." उरलेलं आमच्या वाट्याला येणं काही नवं नव्हतं. पण मला आनंद झाला. आज त्या आनंदाची चीड येते.

लेखासाठी मी कुठे जाणार? घरातच माणूस होतं. माझा बा पंचक्रोशीत डफडं वाजवायचा. दीक्षेनंतर आमच्या लोकांनी ठरवलं, मेलेली ढोरं ओढायची नाहीत, गावाच्या दारात डफडं वाजवायचं नाही. बानं डफडं आढ्याला बांधून टाकलं. पाटलानं माणसं पाठवली, कामं बंद केली, वाट अडवली. बा गेला नाही. डफड्याचं नावसुद्धा घरात निघत नसे.

मी विचारलं तेव्हा तो कडब्याच्या पेंढ्या बांधत होता. त्यानं हातातली पेंढी आवळली. मग म्हणाला, "काऊन पायजे तुले ते?"

"शाळेच्या अंकात लिहायचं हाय."

"माहं नाव येईन?"

"तुहंबी येईन. माहंबी."

बानं पेंढी खाली ठेवली. वाळक्या काड्यांचा जाळ करून डफडं कसं शेकतात, किती शेकलं की कातडं बोलतं, वरातीची चाल कोणती, देवाची कोणती, मढ्यापुढची कोणती, सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याची बोटं मांडीवर वाजायला लागली. लक्षात आल्यावर त्यानं हात काखेत घातले.

मग म्हणाला, "वरात निघाली का आमी सगळ्याईच्या पुढं. पंगत बसली का सगळ्याईच्या मांगं. उन्हात उभं राहाचं. मांडवाची सावली आमच्यासाठी नोती. पत्रावळी उचलल्या का मंग आमाले बोलवत. हे लिवजो बरं. चाल लिवली अन् हे नाई लिवलं, तर काहीच नाई लिवलं."

मी जसंच्या तसं लिहिलं. वर बाचं नाव, खाली माझं. मायनं मला लिहिताना पाहिलं आणि जवळ येऊन कागदावर नुसता हात फिरवला. तिला वाचता येत नव्हतं. आमच्या घरातलं नाव पहिल्यांदाच कुठल्या तरी चांगल्या कागदावर येणार होतं. मला एवढंच पाहिजे होतं.

आणि मग तो तबला मेला.

प्रकाशनाचा दिवस जवळ आला. पाहुणे अध्यक्षच. तबला तोंड बदलायला बुलडाण्याला पाठवला होता, तो काही वेळेत येईना. तबल्यावाचून स्वागतगीत कसं म्हणायचं, ही शाळेची मोठी अडचण. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. मास्तर तिथेच होते.

हेडमास्तर गोड बोलले. "तुझा लेख छान आहे. तुझ्या वडिलांना सांग, डफडं घेऊन या. स्वागतगीताऐवजी ते फाटकाजवळ उभे राहतील, अध्यक्ष आले की वाजवतील. लेखाला उदाहरण होईल."

मी म्हटलं, "वडिलांनी वाजवणं सोडलंय."

मास्तर म्हणाले, "तबला कुणामुळं गेला? मग भरपाई कुणी करायची?"

हेडमास्तर म्हणाले, "शाळेत राहायचंय ना तुला?"

एवढंच. आवाज चढवला नाही. पंखा चालू होता, टेबलावर चहा होता.

मी घरी काही सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. अध्यक्षांचा गडी वस्तीत येऊन निरोप देऊन गेला होता. मी पोहोचले तेव्हा अंगणात जाळ होता. बानं डफडं आढ्यावरून काढलं होतं. धूळ झटकून तो ते जाळावर फिरवत होता. मान खाली. माय चुलीजवळ तोंडात पदर धरून बसलेली.

मी म्हटलं, "बा, ठेव ते."

"तुही शाळा जाईन."

"जाऊ दे."

"येडी हायस का व तू? एक डाव वाजवतो अन् येतो. माहं काय जाते?"

"तुहं नाई, माहं जाते."

हे मी कसं बोलले, मला ठाऊक नाही. पण बोलले तेव्हाच मला सगळं स्वच्छ दिसलं. पाटलापुढे न वाकलेला माणूस माझ्यासाठी वाकत होता. माझं शिक्षण म्हणजे त्यांच्या हातातली वेसण झाली होती. ती माझ्या नाकात होती आणि ओढला जात होता माझा बाप. असलं शिकून मी काय करणार होते? त्याच शाळेत, त्याच दाराजवळ, उद्या मी निबंध लिहिणार, 'माझे वडील'?

मी डफडं त्याच्या हातातून ओढून घेतलं. बानं सोडलं नाही. आम्ही दोघं बापलेक अंगणात ओढाताण करत होतो आणि शेजारचे बघत होते. शेवटी त्यानं सोडलं. मला शाबासकी दिली नाही. "नासवलं तू," म्हणाला, आणि बाहेर निघून गेला. मी जाळावर पाणी ओतलं. त्या दिवशी आमच्याकडे कोणी जेवलं नाही.

प्रकाशनाच्या दिवशी मी शाळेत गेले. लेख परत मागायला गेले होते.

फाटकाजवळ डफडं वाजत होतं. अमडापूरहून आणलेला एक म्हातारा उन्हात उभा होता. पायात काही नाही. आत मांडव होता, सावली होती. मी त्याच्याजवळ गेले. म्हटलं, "आजा, कायले आला तू अथी?"

तो थांबला नाही. वाजवता वाजवताच म्हणाला, "पोट हाय माय. तू सरक, सायेब येऊन राह्यले."

मी सरकले. दुसरं काय करणार होते? त्याला देण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

आत टेबलावर अंक ठेवलेला. हळद-कुंकू वाहिलेलं. मी कोणी अडवायच्या आत तो उचलला आणि शेवटून उघडला. माझा लेख होता. अक्षर दुसऱ्याचं, नाव अध्यक्षांच्या पोराचं. बाचं नाव कुठेच नाही. जाळ होता, चाली होत्या. ऊन नव्हतं. पंगत नव्हती. त्या जागी एक नवं वाक्य होतं : "ही भोळी माणसे मोठ्या आनंदाने वाजवतात."

ते वाक्य मी मोठ्यानं वाचलं. माना माझ्याकडे वळल्या. मग मी म्हटलं, "हे खोटं आहे. माझा बाप उन्हात उभा राहायचा. आनंदानं नाही. हा लेख माझा आहे. आणि तबल्यावर पाणी मास्तरांनी ओतलं, माझ्या पेन्सिलीनं काही झालं नाही. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय."

मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. कोणी मान वर केली नाही. मैत्रिणीनंही नाही. अध्यक्ष हेडमास्तरांना म्हणाले, "काढा इले बाहेर." शिपायानं माझा दंड धरला. आज धरताना त्याला विटाळ झाला नाही.

माझी शाळा तिथेच संपली. पुढे मी कापूस वेचायला गेले, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. बा माझ्याशी नीट बोलला तो फार वर्षांनी, तोही कामापुरता. माझ्या म्हणण्यानं त्या मांडवातलं एक माणूस बदललं नाही. तो अंक तसाच कपाटात गेला, त्या खोट्या वाक्यासकट. अमडापूरच्या म्हाताऱ्याची नातवंडंही पुढे फाटकाजवळ उभी राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. काही जिंकलं, असं मी म्हणणार नाही. हरलेच.

पण त्या दिवशी एक ठरलं ते ठरलं. शेवटी उरलेली जागा मी कुणाकडे पुन्हा मागणार नाही. माझ्या पोरांना शिकवीन, पण त्यांच्या शिक्षणाची किंमत म्हणून कुणी मान वाकवायला लावली, तर त्यांना त्या शाळेतून मीच हाताला धरून बाहेर काढीन. आणि जिथे कोणी लिहील, बोलेल, की आमची माणसं आनंदानं वाजवत होती, तिथे मला कोणी बोलावलेलं नसलं तरी मी जाईन, उभी राहीन आणि खोटं आहे म्हणून सांगेन. दंड धरायचा त्यांनी धरावा.