डोहातला सुरुंग

पुष्कळ गुन्हे विसरलो, पण एका म्हाताऱ्या भोयानं माझ्या टेबलावर मासे मांडले ती सकाळ विसरलेलो नाही.

स्वातंत्र्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. नदीतल्या डोहाकडे स्फोट झाल्याची वर्दी पोलीस पाटलानं आदल्या दिवशी दिली होती. त्या काळी स्फोट म्हटला की वरिष्ठांना पूल उडवणारेच दिसत. तपास त्याच दिशेनं करण्याचा हुकूम आला.

म्हातारा भोयांचा पुढारी. त्यानं पंचा सोडला. आत सात मासे. "सायब, ह्ये जाळ्यातलं न्हाईत. कल्ल्याला दोऱ्याचा वळ हाय का बगा. कणा आतनं मोडलाय. सुरुंगाचा दणका ह्यो."

पोटं चिरली. सातांपैकी पाच माद्या गाभोळीनं भरलेल्या. ज्येष्ठापासून पोळ्यापर्यंत भोई त्या डोहात जाळं टाकत नसत. पुढच्या पिढ्यांचं बियाणं तिथं वाढे.

"संशय कुणावर?" मी विचारलं. म्हातारा मासे पुन्हा पंच्यात बांधू लागला.

जवळच्या दगडखाणीत सुरुंगाच्या कांड्या मोजल्या. एक कमी. ती ज्याच्या ताब्यात होती तो निघाला म्हाताऱ्याचाच जावई. दिवसभर विचारलं, एकच उत्तर: "खडकात लावली, सायब. फुसकी गेली."

म्हातारा संध्याकाळी ठाण्यात आला. "मारू नगा त्येला. सकाळी डोहावर आणा. वर आलं तेवढं त्यानं उचललं. बुडालेलं अजून वर यायचं हाय."

सकाळी डोहावर पांढरी पोटं तरंगत होती. मी जावयालाच काढायला आणि मोजायला लावलं. एकशे बारा. शेवटचा मासा ठेवून तो चिखलातच बसला.

"मामा, मला वाटलं धा-बारा मेलं!"

"चार वर्सं खाणीत काय गेलास, पाणी इसारलास व्हय रं?" मग म्हातारा माझ्याकडे वळला. "सजा द्या, सायब. पर पुलाचं बालंट घालू नगा. लेक हाय माझी त्याच्या घरात."

पुलाचा संशय मी कागदावरून काढला. वरिष्ठ नाराज झाले. सुरुंग चोरून वापरल्याबद्दल जावयाला काही महिने कैद झाली.

कबुलीसाठी आम्ही माणसाला दरडावतो. त्यानं केलेलं नुकसान त्याला पुरतं दाखवावं, हे मी त्या म्हाताऱ्याकडून शिकलो.

पुढच्या ज्येष्ठात मी गळ घेऊन डोहावर गेलो. काठी घेऊन जावई राखणीला बसलेला.

"आवं सायब, पोळा होऊ द्या की!"

मी फौजदार, तो सुटून आलेला कैदी. मी मुकाट्यानं गळ गुंडाळला.