लोखंड लांब ठेवा, वैनी

"लोखंड लांब ठेवा, वैनी."

मी चहाचा कप पुढे केला की तात्या आधी हे म्हणायचे, मग कप घ्यायचे. एकदा मी म्हटलं, "तात्या, कप स्टीलचा हाय." तर म्हणाले, "स्टील म्हंजे लोखंडच. शाळंत जाऊन आलेलं."

तात्या आमच्या समोरच्या घरात राहायचे. माझी इंदापुरात पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीसमोर ज्याचं घर त्याची दिवसभर करमणूक होते. तात्या एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी सवय जाईना. माझ्याकडे दळणाला गर्दी झाली की हे आपल्या ओट्यावरून, बसल्या जागी सांगणार, "पुढं सरका, दारात उभं ऱ्हाऊ नका." आणि गंमत अशी की माणसं सरकायची. मी घसा फोडला तरी न हलणारी माणसं, बरं का.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाने नवा ड्रोन घेतला, तेव्हा त्याचा जुना तात्यांनी घेतला. या वयात हे काय खेळणं, असं सगळी आळी म्हणाली. मीही म्हणाले. मग एका सकाळी त्यांनी तो उडवला आणि मोबाईलवर मला माझ्याच गिरणीचा पत्रा दाखवला. पत्र्यावर मी मिरच्या वाळत घातल्या होत्या. मळवट भरल्यासारखी दिसत होती गिरणी. इतकी वर्षं मी तिच्याखाली उभी आहे, पण तिचं कपाळ मी कधी बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी तात्यांच्या बाजूची झाले.

आणि ते खेळणं नव्हतंच. त्यांची थोरली बहीण, आक्का, बावड्याला दिलेली. त्यांचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा तात्या लहान होते आणि आक्काचं नुकतंच लग्न झालं होतं. पुढे नवं गाव वसलं, भावांनी तिथे घर बांधलं, पण आक्का त्याला कधी माहेर म्हणाली नाही. "ते तुमचं घर. माझं म्हायार पाण्यात हाय," म्हणायची. आता ती अंथरुणाला खिळली होती. त्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी खूप मागे हटलं आणि जुन्या गावातल्या घरांची जोती उघडी पडली. वरच्या धरणांतून पाणी सुटलं की सगळं परत बुडणार. त्याआधी आक्काला तिचं दार दाखवायचं, एवढंच तात्यांच्या मनात होतं. पायी जायची सोय नव्हती. गाळ वरून तडकलेला आणि आत मऊ, त्यात तात्यांचा गुडघा धरलेला.

आणि नेमका तेव्हाच ड्रोन अडून बसला.

"त्याच्या पोटात होकायंत्र हाय, वैनी. त्याला उत्तर दिशा कळंना झालीय. मोबाईलवर सारखं येतंय, कंपास नीट करा, कंपास नीट करा."

"मग सांगा की त्याला. उत्तर तिकडं, धरणाच्या अंगाला."

"माझं ऐकतोय व्हय तो."

उपाय तसा साधा होता. ड्रोन आडवा धरून आपण स्वतःभोवती एक फेरी घ्यायची. मग त्याचं नाक जमिनीकडे करून आणखी एक. हिरवा दिवा लागला की झालं. जवळपास लोखंड असलं तर मात्र त्याचा गोंधळ होतो.

तात्या आधी गच्चीवर फिरले. जमलं नाही. "स्लॅबात सळया हायत्या," म्हणाले. मग मैदानावर गेले, तर तिथे उसाची ट्रॉली उभी. मग देवळामागे. गुडघ्यामुळे वाकलेले, ड्रोन पोटाखाली धरलेला, असे हळूहळू गोल फिरत होते. एक म्हातारी बराच वेळ बघत उभी राहिली.

"तात्या, कुठल्या देवाचा नवस?"

"कंपासचा."

म्हातारीने हात जोडले. "पाव रं बाबा," म्हणाली आणि गेली.

शेवटी माझ्या गिरणीवर आळ आला. "वैनी, जरा मोटर बंद करा." रांगेतल्या बायका चिडल्या. एक म्हणाली, "तात्या, आमच्या भाकरी तुमच्या इमानावर भाजायच्या का?" तरी मी मोटर बंद केली. खरं सांगायचं तर मलाच बघायचं होतं काय होतंय ते. काही झालं नाही. दिवा लालच.

तात्या ओट्यावर बसले. ड्रोन मांडीवर, बॅटरी काढ, बॅटरी घाल, चालू कर, बंद कर. मी शेजारी उभी राहून पदर सारखा करत होते, तेवढ्यात माझ्या हातातून पिन सुटली. खाली पडायची ती तात्यांच्या गुडघ्यावर पडली आणि तिथेच राहिली. पायजम्याला चिकटून, उभी.

आता असं बघा, माझ्या गिरणीच्या चाडीत, म्हणजे धान्य ओततो त्या तोंडात, चुंबक बसवलेला आहे, धान्यातले खिळेबिळे धरायला. चिकटलेलं लोखंड मी रोज पुसते. म्हटलं, "तात्या, गुडघ्याला काय बांधलंय?"

तात्यांनी पायजमा वर केला. आत पट्टा होता, कापडात चुंबकं शिवलेला.

"आक्कानं दिलाय," ते म्हणाले. "बाजारातनं मागवला खास. रात्रंदिस काढायचा न्हाय म्हणून शपथ घातलीय."

रांगेतल्या बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. "सगळ्या आळीचं लोखंड हाकललं, आन चुंबक मांडीखाली!"

तात्या हसले नाहीत. पट्ट्यावर हात ठेवून बसले. "तिची शपथ मोडायची आन तिलाच म्हायार दाखवायचं. कसं करावं, वैनी?"

"तो मी काढला म्हणून सांगा आक्काला," मी म्हटलं.

"मग तिकीट तुमच्या नावानं फाडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिथल्या पोलीस पाटलांना विचारून, आम्ही पाण्याच्या काठाला गेलो. रिक्षा लांब उभी केली आणि पट्टा रिक्षात ठेवला. पण पट्ट्याविना तात्यांचा गुडघा लटपटायला लागला. अर्धी फेरी झाली आणि ते थांबले.

"वैनी, तुमी फिरा."

"मी?"

"लोखंड तेवढं काढा अंगावरचं."

सोनं चालतं म्हणाले, काचेच्या बांगड्याही चालतात. मी पदराची पिन काढली. मग अंबाड्यातले आकडे काढले, तशी वाऱ्याने सगळे केस सुटले. पांढरे केस मोकळे सोडून मी त्या माळावर ड्रोन धरून फिरले.

"सावकाश, वैनी. झिम्मा न्हाय."

नाक खाली करून दुसरी फेरी घेतली. दिवा हिरवा झाला. बोललो तर परत लाल होईल असंच वाटत होतं.

ड्रोन वर गेला. सारवलेल्या अंगणात कुणी बोटाने चौकोन ओढावेत, तशी मोबाईलवर जोती दिसायला लागली. तात्या एकेक ठिकाण सांगत होते, थांबा आल्यासारखं. "ही तालीम. हा पार. ही आमची गल्ली." मग एका जोत्यापुढे उंबऱ्याचा दगड शिल्लक होता. त्यांनी ड्रोन खाली घेतला आणि दगडासमोर तसाच तरंगत ठेवला. बॅटरी संपत आल्याची पिपाणी वाजायला लागली तरी हलवेनात. शेवटी मीच म्हटलं, "तात्या, आणा माघारी. आक्का वाट बघतीय."

यंदा संक्रांतीनंतर तात्या गेले. समोरच्या दाराला आता कुलूप असतं. पण मला ते आठवतात ते शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बावड्याला गेलो तेव्हाचे, आक्काच्या खाटेशी जमिनीवर बसलेले, दोन्ही हातांनी मोबाईल तिच्या डोळ्यांपुढे धरलेला.

हे कालचं शूटिंग आहे हे आक्काला उमगलं नाही. तिला वाटलं, आत्ताच उडतोय. तात्यांनीही सांगितलं नाही.

"तालमीपासनं वळ," ती म्हणाली. चित्र वळलंच.

"हां. आता सरळ. थांब. थांब हितं."

तात्यांनी अंगठा टेकवला. उंबरा तिच्यासमोर स्थिर झाला. आक्का पुष्कळ वेळ बघत होती.

"आत न्हाई जायाचं?"

"छप्पर न्हाय, आक्का. आत-भाईर एकच हाय."

"बरं." मग म्हणाली, "चल आता. पाणी चढंल."

मला वाटलं, तात्या मोबाईल बंद करतील. पण त्यांनी बोट व्हिडिओच्या खालच्या रेघेवर ठेवलं आणि अगदी हळू मागे सरकवत नेलं. चित्र उलटं निघालं. दाराकडे तोंड ठेवूनच आम्ही मागे मागे आलो. उंबऱ्यापासून गल्लीत, गल्लीतून तालमीपाशी. दार लहान लहान होत गेलं. आक्काने वाकळेतून हात बाहेर काढला आणि दार दिसेनासं होईपर्यंत ती तो हलवत राहिली.