स्फटिकावर उमटणारा अंगठा

आधीच सांगतो, असल्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांपैकी मी एक आहे. आमच्या बौद्धवाड्यात लहानपणी कोणी म्हणालं की ओढ्यावर बाई दिसते, तर माझे वडील त्याच्या दंडाला धरून "चल, दाखव मला" म्हणत ओढ्यावर न्यायचे. बाई काही भेटली नाही. पुढे मी पुण्यात भिंगांच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं पॉलिशिंगला होतो. तिथेही तीच शिकवण. भिंगावर डाग दिसला की आधी आपला चष्मा पुसायचा, मग दिवा बघायचा, मग फडकं... भिंगाला दोष सगळ्यात शेवटी. त्यामुळे हे लिहायचं धाडस व्हायला मला तीन वर्षं लागली. नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

नोकरी सोडल्यावर मी मुळशीला गावी परत आलो आणि मागच्या खोलीत खड्यांना पैलू पाडायचं छोटं मशीन टाकलं. शनिवार-रविवारी रिसॉर्टला येणारी मंडळी हौसेने खडे घेतात, माझाही वेळ जातो. खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे. तिथून भाताची खाचरं आणि त्यापलीकडे धरणाचं पाणी दिसतं. खडा तपासायला उत्तरेचा उजेड चांगला, डोळ्यांवर येत नाही.

भातकापणी उरकली होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या घरापासून चार घरं सोडून अण्णा राहतात. साठीचे शेतकरी, बोलणं कमी. ते एका सकाळी आले आणि धोतराच्या सोग्यातून त्यांनी एक खडा काढला. स्फटिक. आवळ्याएवढा, पाण्यासारखा स्वच्छ. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पोकळ्या असतात, त्यात असे सापडतात.

"ह्याला पैलू पाडून द्या भाऊ," अण्णा म्हणाले. "संगीताला द्यायचाय. तिच्या आईचा हाय."

संगीता त्यांची एकुलती मुलगी. बावधनला एका दवाखान्यात नर्स आहे. ती अकरा महिन्यांची असताना तिची आई काविळीने गेली. लग्नात फोटोवाला आणलेला नव्हता, नंतर कधी फोटो काढायची वेळ आली नाही. म्हणजे आई कशी दिसायची हे संगीताला माहीतच नाही. आईची वस्तू म्हणून घरात उरला होता तो हा एक खडा.

मी काम घेतलं. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो — खडा लाखेने एका धातूच्या दांडीवर चिकटवतात आणि फिरत्या चकतीवर एकेक पैलू घासतात. मग बारीक पावडर लावून पॉलिश. दर थोड्या वेळाने खडा उचलायचा, स्पिरिटने पुसायचा, दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली तिरका धरून बघायचा. ओरखडा दिसला तर परत चकतीवर. यात घासण्यापेक्षा पुसणं आणि बघणंच जास्त असतं.

खालचे पैलू झाले, वरचे झाले. कुठे काही नाही. शेवटी राहिला मधला सपाट मोठा पैलू. त्याला आम्ही टेबल म्हणतो. टेबल पॉलिश केलं, पुसलं, भिंगाखाली धरलं — तर त्यावर बोटाचा ठसा.

यात घाबरण्यासारखं काय? माझंच बोट लागलं असणार. पुन्हा पुसलं. स्वच्छ. फडकं खाली ठेवलं, परत बघितलं — ठसा.

मग मी माझी ठरलेली यादी सुरू केली. फडकं नवीन. स्पिरिटची बाटली नवीन. बोटांवर रबरी टोप्या. भिंगावरच ठसा असेल म्हणून त्याखाली दुसरा खडा बघितला, तो लख्ख. स्फटिकाचे बाकीचे पैलूही लख्ख. फक्त टेबल. आणि दरवेळी ठसा तोच, त्याच जागी. बारीक कमानीसारख्या रेषा आणि त्यांना तिरकी छेदून जाणारी एक कोरी रेघ, दोऱ्याएवढी.

मी बायकोला हाक मारली. सुषमाने भिंगातून बघितलं आणि म्हणाली, "अहो, हा तर अंगठा आहे कुणाचा तरी. कापलेला."

मग मी आम्हा दोघांचेही अंगठे काचेवर उमटवून बघितले. दोघांपैकी कुणाच्याच अंगठ्यावर तसली रेघ नव्हती.

पुढे दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. टेबल पुन्हा जाड चकतीवर घेतलं, वरचा थर घासून काढला आणि पहिल्यापासून पॉलिश केलं. ठसा आला. एकदा ठरवलं की नजर हटवायचीच नाही. पुसलं आणि भिंगाला डोळा लावून बसलो. पाच मिनिटं... दहा मिनिटं... काही नाही. सुषमाने चहा आणला, कप घ्यायला मान वळवली. परत बघितलं तर होता.

भीती वाटली का? खरं सांगायचं तर नाही. लाज वाटली. सव्वीस वर्षांत माझ्या हातून डाग असलेला माल गेला नव्हता, आणि आता एका खड्याचा एक पैलू मला स्वच्छ करता येत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा चौकशीला आले. मी ठशाबद्दल काहीच बोललो नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, हा खडा कुणाकुणाच्या हातात असायचा?"

"दुसऱ्या कुनाच्या असनार? हीर खनताना संगीताच्या आईलाच घावला त्यो. रोज सांच्याला उंबऱ्यावर बसायची अन् अंगठ्यानं घासत ऱ्हायची. मी म्हनायचो, अगं झिजंल त्यो. तर म्हनायची, गार लागतंय, खाचंला बरं वाटतंय."

"कसली खाच?"

"भात कापताना विळा लागला हुता न्हवं अंगठ्याला. असा तिरका." अण्णांनी स्वतःच्या अंगठ्यावरून नख ओढून दाखवलं. "लई दिस भरला न्हाई. वण ऱ्हायलाच."

मी चकतीकडे बघितलं. ज्या गुळगुळीत बाजूवर ती अंगठा घासायची, ती बाजू मी पहिल्याच दिवशी घासून काढली होती. खड्यावर तिचं काही राहिलं असेल तर ते चकतीच्या पाण्याबरोबर कधीच वाहून गेलं होतं.

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांना ते धरायला जमेना, मग मी धरलं. अण्णा बराच वेळ वाकून बघत राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"भाऊ, पोरीला बोलवू?"

"बोलवा."

रविवारी सकाळी संगीता आली. वडिलांनी फोनवर काय सांगितलं कोण जाणे, पण ती वैतागलेली होती. "काका, निदान तुम्ही तरी अण्णांच्या नादी लागायला नको होतं," ती म्हणाली. मी म्हटलं, मी काहीच म्हणत नाही, तू फक्त बघ.

ती खिडकीपाशी बसली. बघायच्या आधी म्हणाली, "तुम्हाला सांगू का, आई कशी दिसायची असं विचारलं ना, की गावातलं प्रत्येक माणूस वेगळीच बाई सांगतं. कुणाला ती उंच वाटते, कुणाला ठेंगणी. कुणी म्हणतं तुझ्यासारखी, कुणी म्हणतं तुझ्यात तिचं काहीच नाही. मी विचारणंच सोडलं."

मग तिने भिंग डोळ्याला लावलं.

मी, सुषमा आणि अण्णा, तिघंही तिच्या मागे उभे होतो. बाहेर रस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या. संगीताने खडा उजेडात तिरका केला, परत सरळ केला, परत तिरका. रोज माणसांच्या जखमा बघणारी मुलगी ती, वण कसा असतो हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

"अण्णा," ती भिंग न काढता म्हणाली, "आई गेली तेव्हा किती वर्षांची होती?"

"बावीस. लई तर तेवीस."

संगीता तेव्हा एकतीस वर्षांची होती. "म्हणजे माझ्यापेक्षा लहान," ती म्हणाली. "एवढीशी पोरगीच होती की हो..."

आणि मी हात पुढे करायच्या आत तिने स्वतःचा अंगठा त्या टेबलावर टेकवला. दाबला नाही. नुसता टेकवून ठेवला. अण्णा तोंडावर पंचा धरून अंगणात निघून गेले. सुषमा त्यांच्यामागे पाणी घेऊन गेली.

थोड्या वेळाने संगीताने अंगठा उचलला. "आता पुसा काका."

मी पुसलं. फडकं ठेवलं, भिंग घेतलं. टेबल स्वच्छ होतं. मी मान वळवली, परत बघितलं. स्वच्छ. उठून खोलीभर फिरून आलो, परत बघितलं. पैलू असा लखलखत होता की कारखान्यातल्या कुठल्याही साहेबाने पास केला असता. आयुष्यात पहिल्यांदा मी पॉलिश केलेल्या वस्तूवर डाग यावा म्हणून वाट बघत बसलो. संगीताही बसली. दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली. ठसा आला नाही, तो आजतागायत नाही.

मी नंतर खूप डोकं चालवलं. स्फटिकात बारीक चिरा असतात, त्यात मुरलेलं तेल बाहेर येऊ शकतं, हे मला माहीत आहे. पण तेल डाग देईल, अंगठ्याच्या रेषा कशा देईल? मी मोबाइलवर फोटोही काढला होता. त्यात धुरकट काहीतरी आहे, ढग म्हणा, अंगठा म्हणा. त्याच्या जोरावर मी कुणाशी वाद घालणार नाही. आम्हा चौघांना भास झाला म्हणावं, तर मी आणि सुषमाने तो कापलेला अंगठा बघितला तेव्हा विळ्याची गोष्ट आम्हाला ठाऊकच नव्हती. यापुढे माझी अक्कल जात नाही.

एक प्रश्न मात्र या सगळ्यापेक्षा जास्त छळत होता. संगीताची आई कशी दिसायची याच्या नुसत्या ऐकीव गोष्टी, आणि खरीखुरी खूण काय ती एवढीच. ती माझ्या हाताने पुसली गेली. काही महिन्यांनी संगीता गावी आली होती, तेव्हा धीर करून विचारलं, "मी त्या दिवशी पुसायला नको होतं का गं?"

तिने पर्समधून खडा काढला आणि उजेडात तिरका धरला.

"माहीत नाही काका," ती म्हणाली.

मलाही नाही.