चांगल्या नोंदींच्या मॅडम

गोंदियाहून जिल्ह्यातल्याच गोरेगावला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत एक प्राथमिक शिक्षिका रोज माझ्या शेजारी बसत. तेव्हा नवं मूल्यमापन नुकतंच आलं होतं. कुणाला नापास करायचं नाही, प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची आणि तीत वाईट शब्द वापरायचा नाही. मॅडम मांडीवर पर्स आणि पर्सवर रजिस्टर ठेवून लिहीत. खड्डा आला की पेन वर उचलत, खड्डा गेला की वाक्य पुढे चाले.

हळूहळू त्यांना माणसंही तशीच दिसू लागली. खिडकीतून रुमाल टाकून जागा पकडणाऱ्याकडे बघून त्या पुटपुटत, "पूर्वनियोजन चांगले आहे." कंडक्टर कुणावर खेकसला की म्हणत, "मत ठामपणे मांडतो."

श्रावणातल्या एका सकाळी मी रजिस्टरात डोकावलो. एका मुलापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'परिसराशी समरस होतो.'

"म्हणजे काय करतो, मॅडम?"

"धानाच्या रोवणीले जाते जी, मायसंगं. शाळेत कुठं येऊन राहिला?"

"मग वाचता येते का त्याले?"

पेन थांबलं. रस्त्यात खड्डा नव्हता.

"नाही येत. पण थे लिहाले रकानाच नाही, भाऊ."

मी खिडकीबाहेर धानाच्या बांध्या बघत बसलो. गोरेगाव आलं तेव्हा उगाच हसून विचारलं, "अन् माझी काय नोंद कराल?"

त्यांनी रजिस्टर पर्समध्ये कोंबलं.

"तुम्ही सगळं पाहून राहिले, अन् चूप बसून राहिले. 'सहकार्य उत्तम' लिहीन."