तुळईजवळची फट

उन्हाळ्यात आमची तुळई सुकते आणि विटांच्या भिंतीपासून बोटभर सुटते. भिंतीपलीकडे थोरल्या जाऊबाई, अक्का, राहतात. वाटणी झाल्यापासून आमचं बोलणं बंद आहे.

हे म्हणाले, "बुजव ती फट. घरातलं सगळं पलीकडे जातं."

शिडीवर चढून शेणमाती भरत होते, तर पलीकडून आवाज आला, "अगं, डोळ्यात गेली माझ्या! तुलाही हेच काम लावलं का?"

मला हसू आलं. पण तशीच उतरले, हात धुतले. लाकूड पावसाळ्यात फुगून भिंतीला पुन्हा टेकतं. माणसांनी कशाची वाट बघायची?

परत शिडी चढले. उरलेल्या फटीला तोंड लावून म्हणाले, "अक्का, डोळा चोळू नका."