दोराकाका आणि नागपूरचं तिकीट

दोन विमानतळांमधलं अंतर दोराकाका खरोखरच दोऱ्याने मोजायचे. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या लहानशा ट्रॅव्हल ऑफिसात भिंतभर भारताचा नकाशा होता आणि काकांच्या खिशात पांढरा दोरा. एक टोक औरंगाबादवर, दुसरं नागपूरवर, मग पट्टी लावून सांगायचे, "चारशे किलोमीटर. विमानाला एक तास." आणि लगेच चष्मा कपाळावर सरकवून, "पण विमानाचं सोडा. तुम्ही किती वेळात पोचाल, ते विचारा."

घरापासून विमानतळ, तिथलं ताटकळणं, उतरल्यावरची रिक्षा, सगळं ते कागदावर मांडून द्यायचे. एकदा देवळ्याच्या एक मावशी लेकीकडे इंदूरला निघाल्या होत्या. "विमानाची लय हौस हाय," म्हणाल्या. काकांनी दोरा लावला. "विमानाला सव्वा तास, मावशी. पण आधी मुंबई गाठा, तिथं बसून राहा. त्यापेक्षा एसटीनं जा, निवांत." मावशी उठून गेल्या. ऑफिसचे मालक चिडले, "गिऱ्हाईक परत पाठवायला ठेवलंय का तुम्हाला?" काकांनी दोरा गुंडाळून खिशात ठेवला.

माझं माहेर नागपूरचं. लग्नानंतर नाशकात आल्यापासून रेल्वेची तिकिटं मी त्यांच्याकडूनच काढायची. एका मार्चमध्ये सकाळी नऊला भावाचा फोन आला. बाबांना दवाखान्यात हलवलं होतं. मी धावतच काकांकडे गेले. तेव्हा टॅक्सीने चार तासांवरच्या औरंगाबादहून दुपारी तीनला नागपूरचं एक छोटं विमान असायचं.

"ताई, अकराची रेल्वे धरा," काका म्हणाले. "रात्री साडेदहाला बाबांजवळ असाल. विमानानं पाचला पोचाल, पण ते कागदावर. वाटेत येवल्याला कांद्याच्या लिलावासाठी ट्रॅक्टरच्या रांगा लागल्यात, रस्त्याचा भरवसा नाही."

"काका, पाच-साडेपाच तास वाचतायत! तुम्ही फक्त तिकीट द्या."

माझा आवाज चढला होता. मालकांनी मान वर करून पाहिलं. काकांनी मुकाट्यानं तिकीट काढून दिलं.

येवल्याच्या अलीकडे टॅक्सी दोन तास जागची हलली नाही. विमानतळावर पोचले तेव्हा विमान गेलेलं होतं. मिळेल त्या बसने निघाले, नागपुरात उतरले तेव्हा उजाडलं होतं. बाबा पहाटेच गेले होते. भाऊ म्हणाला, "रात्री एक वाजेपर्यंत बोलत होते गं."

तेरावं उरकून परतले, तर दुसऱ्याच दिवशी काका घरी आले. कधी येत नसत. चहा पुढे केला, तर कपाला हातही लावला नाही. म्हणाले, "मी तिकीट द्यायलाच नको होतं, ताई. मला कळत होतं."

मला त्या दिवसांत कुणाला तरी दोष द्यायचा होता, आणि हा माणूस तो आपणहून घ्यायला आला होता. मी एक शब्दही न बोलता तो देऊन टाकला. काका उठून गेले.

पुढे मी तिकिटं दुसरीकडून काढू लागले. द्वारकेला गेले तरी समोरच्या बाजूने चालायची. शेजारणीने सांगितलं, काका आता कुणाला काही सुचवत नाहीत. मागेल ते तिकीट फाडून देतात. तरी मी त्यांच्याकडे गेले नाही.

गेले ती चार-पाच वर्षांनी. काउंटरवर नवीन बाई होत्या. "काका मागच्या दिवाळीत वारले," त्या म्हणाल्या. "काही काम होतं का?"

मी नाही म्हटलं आणि पायऱ्या उतरले. काका, तुम्ही बरोबर सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही, एवढंच बोलायचं होतं. त्या दिवशी ते माझ्या घरात, माझ्यासमोर बसले असताना मला ते बोलता आलं असतं.